अधोरेखित शब्द ऐकू येत नाही : डीटीपीवाल्यांनो, हे काम तुमचं आहे



आज सुरुवातीलाच एक प्रश्न सोडवा. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही व्याकरणाच्या गाइडमध्ये सापडेल असाच आहे.

पुढील वाक्यातील अधोरेखित शब्दाची जात ओळखा : तो रस्त्याने हळूहळू चालतो.
१) नाम २) सर्वनाम ३) क्रियापद ४) क्रियाविशेषण

काय उत्तर आलं? ‘सर, अधोरेखित शब्द कुठे आहे?’ असंच म्हणालात ना? बरोबर. मी मुद्दाम रेघ मारलेली नाही. आता चारही पर्याय बरोबर ठरू शकतात. तुमचं व्याकरण कितीही पक्कं असो, मार्क मिळणार नाही.

अंध विद्यार्थ्याच्या बाबतीत हे पुस्तकाच्या पानापानावर घडतं. त्याच्या मोबाइलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर असतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते वाक्य वाचतं, पण शब्दाखालची रेघ सहसा सांगत नाही. ठळक, तिरपं, लाल, हिरवं, हेही नेहमीच्या सेटिंगमध्ये सांगत नाही. पुस्तक आहे, मजकूर आहे, आवाज आहे, आणि तरी प्रश्न सुटत नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही. पुस्तक तयार करणाऱ्याने अर्थ फक्त डोळ्यांसाठी ठेवला, तिथे घोळ झाला.

तुम्ही म्हणाल, हा विषय समाजसेवेचा, आपल्या धंद्याच्या चॅनेलवर कशाला? माझं मत स्पष्ट आहे. हा आधी कारागिरीचा विषय आहे, मग धंद्याचा, आणि समाजसेवेचा सगळ्यात शेवटी. जळगाव-धुळ्यात डीटीपी, टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी तर हा लेख शेवटपर्यंत वाचावा.

वाचक आहेत का? आहेत

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीसंबंधी अपंगत्व असलेल्या लोकांची नोंद ५० लाखांच्या वर आहे. त्यातले सगळे पुस्तकं वाचतात असं मी म्हणत नाही. पण शिकणारे, परीक्षा देणारे, नोकरी करणारे खूप आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. म्हणजे जागा आहेत, परीक्षा आहे, अभ्यास करणारी मुलं-मुली आहेत. राहता राहिलं पुस्तक.

लांब कशाला, जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांना तिथे राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करता येते. प्रांजल पाटील यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. दृष्टी नसताना त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१७ च्या परीक्षेत देशात १२४ वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. अभ्यासासाठी त्यांनी ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर वापरला. हुशारी त्यांची, कष्ट त्यांचे. पण सॉफ्टवेअर तेच वाचतं जे पुस्तकात नीट भरलेलं असतं, हे विसरू नका.

आणि मराठीत वाचणारे? स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ ला मुंबईतून ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. एक माणूस ठरवतो आणि मराठीत बोटांनी वाचायचं नियतकालिक उभं राहतं. वाचायची भूक नसती तर हे कोणी केलंच नसतं.

माल नेमका कुठे खराब होतो?

केळीवाले शेतकरी इथे बरेच आहेत, त्यांना पटकन कळेल. घड बागेत उत्तम असतो. काढताना, वाहताना, फण्या वेगळ्या करताना हलगर्जी झाली की केळी काळी पडते आणि भाव जातो. पुस्तकाचंही तसंच आहे. लेखकाने चांगलं लिहिलेलं असतं, खराबी होते ती पान लावताना. दुकानादुकानात होणाऱ्या या गोष्टी बघा.

१) जुने फॉन्ट. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं की पडद्यावर मराठी दिसतं. पण फाइलच्या पोटात इंग्रजी कीबोर्डची ई, जे, के, बी, एच ही अक्षरं साठवलेली असतात. डोळ्यांना मराठी, कॉम्प्युटरला इंग्रजीतली निरर्थक बडबड. स्क्रीन रीडर तीच बडबड वाचतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तर म हा म म्हणूनच साठतो.

२) कर्व्ह. प्रेसमध्ये फॉन्टची अडचण नको म्हणून अक्षरांचं चित्र करून फाइल देतात. छपाईला ठीक आहे. पण तीच पीडीएफ विद्यार्थ्याला दिली तर तिच्यात मजकूरच नाही, नुसती रेघोट्यांची चित्रं. स्क्रीन रीडर गप्प बसतो. स्कॅन केलेल्या पानांचंही तेच.

३) अक्षरांमधल्या मोकळ्या जागा. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून ‘ज ळ गा व’ असं स्पेस देऊन टाइप करतात. ऐकणाऱ्याला गावाचं नाव मिळत नाही, चार सुटी अक्षरं मिळतात.

४) एंटर आणि टॅबची कसरत. नवीन धडा नवीन पानावर यावा म्हणून वीस वेळा एंटर. तक्ता म्हणून टॅब मारून उभे केलेले आकडे. ऐकताना ‘रिकामं, रिकामं, रिकामं’ ऐकू येतं, आणि कुठला आकडा कुठल्या गावाचा ते कळत नाही.

५) पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि तळाचा आकडा. पीडीएफमधून मजकूर उचलला की हे वाक्याच्या मधोमध येऊन बसतं. इतिहासाचा परिच्छेद चालू असताना मध्येच ‘संपूर्ण मार्गदर्शक १४७’.

६) वर चढवलेले आकडे. दहाचा वर्ग लिहिताना दोन वर चढवतो. फॉरमॅटिंग गेलं की ते १०२ होतं. शंभराचे एकशे दोन झाले! गणिताच्या पुस्तकात याला सजावट गेली म्हणायचं का?

७) उत्तरं ठळक. प्रश्नसंचात बरोबर पर्याय ठळक करून ठेवायची पद्धत आहे. ऐकणाऱ्याला चारही पर्याय सारखेच. प्रश्नसंच विकत घेतला, उत्तरं मात्र मिळालीच नाहीत.

यातली एकही गोष्ट दुष्टपणाने होत नाही. सवयीने होते. पण ग्राहकाने पूर्ण पैसे मोजले आणि अर्धा माल हातात पडला, तर धंद्याच्या भाषेत त्याला काय म्हणतात ते मी सांगायची गरज नाही.

सगळंच जपायचं का? नाही

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. काही जण म्हणतात, छापील पुस्तकातलं सगळं जसंच्या तसं डिजिटल पुस्तकात आलं पाहिजे. दुसरे म्हणतात, अंधांना फक्त मजकूर द्या, बाकी कशाला. मला दोन्ही पटत नाही. आधी तीन ढीग करा.

पहिला ढीग, वाट दाखवणारं फॉरमॅटिंग. धड्यांची शीर्षकं, उपशीर्षकं, याद्या, तळटिपा, छापील पानांचे आकडे. हे जपायचंच. डोळस माणूस पुस्तक चाळतो आणि हवं ते पान काढतो. अंध वाचकाचं चाळणं म्हणजे शीर्षकावरून शीर्षकावर उडी. ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर वापरणारा वाचक वेबपानावर एच दाबतो आणि पुढच्या शीर्षकावर पोहोचतो. पण शीर्षक नुसतं मोठं आणि ठळक केलेलं असेल तर सॉफ्टवेअरला ते शीर्षक आहे हे कळतच नाही. वर्डमध्ये स्टाइल लावून ‘हे शीर्षक आहे’ असं सांगावं लागतं. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ घ्या. त्यात प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे. प्रत्येक रात्रीला शीर्षकाची स्टाइल असेल तर वाचक हवी ती रात्र क्षणात काढतो. नसेल तर सुरुवातीपासून ऐकत बसा. छापील पानाचा आकडाही महत्त्वाचा, कारण वर्गात सर म्हणतात ‘पान ४७ काढा’, आणि सगळ्यांबरोबर त्यालाही ते काढता आलं पाहिजे.

दुसरा ढीग, अर्थ बदलणारं फॉरमॅटिंग. अधोरेखित शब्द, ठळक उत्तर, वर-खाली लिहिलेले आकडे, कवितेच्या ओळी. हे जपायचं, आणि गरज पडली तर शब्दांत लिहायचं. रेघ तशीच ठेवा आणि वाक्यानंतर ‘अधोरेखित शब्द : हळूहळू’ एवढं जोडा. बस, प्रश्न सुटला. स्क्रीन रीडरला रेघ सांगायची सेटिंग असते, पण ती कायम चालू ठेवली तर इतकी कटकट होते की बरेच जण बंदच ठेवतात. म्हणून भार वाचकावर टाकू नका, पुस्तकावर घ्या. ब्रेलमध्ये हे तत्त्व जुनंच आहे. तिथे अंक येण्याआधी अंकाची खूण येते, तेव्हा बोटाला कळतं की पुढे अक्षर नाही, आकडा आहे. दिसण्याची जागा खुणेने घेतली.

कवितेचं विशेष सांगतो, कारण आपण बहिणाबाईंच्या मुलखातले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी तोंडातून आली आणि ऐकणाऱ्यांनी कागदावर उतरवली. म्हणजे त्या गाण्यांचं मूळ घरच कानात आहे. ती डिजिटल पुस्तकात टाकताना ओळी मोडून एक लांबलचक परिच्छेद केला, तर ऐकण्यासाठीच जन्मलेली गोष्ट ऐकणाऱ्यापासून हिरावली जाते. ओळ जिथे संपते तिथे आवाजाने थांबलं पाहिजे. अहिराणीत कविता लिहिणारे कवी धुळे-जळगावात आहेत, स्वखर्चाने संग्रह काढतात. त्यांचं काम हातात घ्याल तेव्हा हे लक्षात ठेवा.

तिसरा ढीग, निव्वळ सजावट. पानाची चौकट, कोपऱ्यातलं कमळ, पाच रंगांची शीर्षकं. हे बिनधास्त सोडा. चौकटीतल्या फुलाचं वर्णन ऐकायला कोणाला वेळ नाही. पण आकृती किंवा नकाशा असेल तर दोन ओळींत नेमकं वर्णन द्या. ‘चित्र’ एवढंच लिहून पळ काढू नका.

आता तुमचे प्रश्न

‘सर, ऑडिओबुक आहेत की.’ आहेत, छान आहेत, कादंबरीसाठी तर उत्तमच. पण व्याकरणाचं गाइड ऑडिओवर करून बघा. स्पेलिंग तपासता येत नाही, नेमका प्रश्न शोधता येत नाही. रेकॉर्ड केलेल्या पुस्तकात धड्यावर आणि पानावर उडी मारता यावी, याच गरजेतून ‘डेझी’ हे स्वरूप पुढे आलं आणि १९९६ मध्ये डेझी कन्सोर्टियम ही जागतिक संघटना उभी राहिली. आज ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात तीच सोय मिळते.

‘सर, आता एआय सगळं करतं.’ खूप करतं. स्कॅन पानातला मराठी मजकूर काढून देतं, आणि ते वापराच. पण काढलेल्या मजकुरात रफार हलतो, जोडाक्षर तुटतं, तळटीप परिच्छेदात घुसते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये नंतर साठवावी लागते. बदलताना तिथे हमखास गोंधळ होतो. आणि ही रेघ शोभेची की प्रश्नाचा प्राण, हे मराठी व्याकरण समजणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं. नेमकं तेच तुमचं कौशल्य.

‘सर, गिऱ्हाईक किती मिळणार?’ हा खरा प्रश्न. फक्त अंध वाचकांना पुस्तकं विकून दुकान चालेल असं मी म्हणणार नाही. कोणी तसं स्वप्न विकत असेल तर सावध राहा. तुमचं गिऱ्हाईक वाचक नाही, पुस्तक काढणारा आहे. क्लासेसवाले, गाइडचे लेखक, कॉलेजं, संस्था, स्मरणिका काढणारी मंडळं. त्यांना सांगा की नीट बांधलेलं पुस्तक मोबाइलवर अक्षर मोठं करूनही सरळ वाचता येतं, शोधता येतं, पुढच्या आवृत्तीत चटकन बदलता येतं. पीडीएफ बोटांनी ताणून ताणून वाचणाऱ्या प्रत्येक डोळस विद्यार्थ्यालाही याचा फायदा आहे.

हे कौशल्य गावापुरतंही नाही. युरोपात २८ जून २०२५ पासून सुगम्यतेचा कायदा लागू झाला आणि त्यात ई-पुस्तकं आहेत. परदेशी प्रकाशकांचं ई-पुस्तकं बनवायचं काम भारतात आधीपासून होतं. पण आधी मराठीत हात बसू द्या, मग उड्या मारा.

कायदा समजून घ्या, नाहीतर अडकाल

दुसऱ्याचं पुस्तक घेतलं, ईपब केलं आणि विकलं, असं चालत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तक सुगम्य स्वरूपात करायला आणि त्यांना द्यायला परवानगीची गरज उरली नाही, पण ते नफ्यासाठी नसावं, फार तर तयार करायचा खर्च घ्यावा. नफ्यासाठी करायचं असेल तर परवाना काढावा लागतो. पुढे अशी पुस्तकं देशोदेशी देता-घेता यावीत म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला आणि तो मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं.

मग तुमची कमाई कशात? सेवेत. प्रकाशक किंवा लेखक स्वतः काम देतो, हक्क त्याचे, मजुरी तुमची. यात वाद नाही. सरावासाठी हक्कमुक्त साहित्य घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तकं २०११ पासून मोकळी आहेत. धरणगावचे बालकवी १९१८ मध्ये गेले. त्यांच्या कवितांवर ओळींचा सराव करा.

हिशोब करून बघू

हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावात तुमचे वेगळे येतील. समजा २०० पानांचं गाइड जुन्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोडमध्ये बदलून प्रूफ वाचायला १२ तास, स्टाइल लावायला ४, तक्ते आणि अधोरेखित शब्दांना ६, तपासणीला ३. एकूण २५ तास. तासाला १५० रुपये धरले तर ३,७५०. अंध तपासनिसाचं मानधन १,०००. वीज, नेट, मशीनची झीज ५००. झाले ५,२५०. त्यावर २० टक्के नफा १,०५०. बिल ६,३०० रुपये.

आता तेच गाइड पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये आलं असतं तर १२ तास वाचले. १३ तासांचे १,९५०, अधिक १,००० आणि ५००, म्हणजे ३,४५०. नफा धरून ४,१४०. गिऱ्हाइकाला हेच दाखवा. मागाहून दुरुस्त करण्यापेक्षा आधीच नीट करणं स्वस्त पडतं. आणि त्याचं पुढचं पुस्तक टायपिंगपासून तुमच्याकडेच येतं.

या आठवड्यात काय कराल?

१) युनिकोडचा कीबोर्ड बसवा. यापुढे नवीन मॅटर जुन्या फॉन्टमध्ये घेऊ नका. प्रेसला जुनाच फॉन्ट हवा असेल तर मूळ प्रत युनिकोडमध्ये ठेवून त्यांच्यासाठी वेगळी करा.

२) वर्डमधल्या स्टाइल शिका. शीर्षक एक, शीर्षक दोन, यादी, तक्त्याची शीर्ष-ओळ. दोन दिवसांचं काम आहे.

३) डेझीचं ‘वर्डटूईपब’ हे मोफत साधन घ्या. वर्डची फाइल ईपब होते. ‘थोरियम’ या मोफत वाचकात उघडून बघा. ‘एस’ हे डेझीचंच मोफत तपासणी-साधन त्रुटी दाखवतं.

४) फाइलची भाषा मराठी अशी नोंदवा. नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या आवाजात वाचायला जातो.

५) एनव्हीडीए बसवा, पडदा बंद करा आणि स्वतः तयार केलेली दहा पानं ऐका. कोणी शिकवायची गरज राहणार नाही.

६) आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची तपासणी अंध वाचकाकडूनच करून घ्या, आणि पैसे देऊन करून घ्या. ‘तुमच्यासाठीच करतोय, जरा फुकट बघून द्या’ असं म्हणू नका. प्रूफ वाचणाऱ्याला आपण पैसे देतो ना? हाही प्रूफच वाचतोय, कानाने. मी वर मानधनाची ओळ हिशोबात धरली ती याचसाठी. ती काढून बिल स्वस्त करू नका.

आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या एका वेलांटीसाठी दुकानदाराशी भांडणारी माणसं आहेत. एवढी अचूकता आपण मागतो. मग एका मुलीचं वर्षभराचं आयुष्य ज्या गाइडवर अवलंबून आहे, त्यातली एक रेघ तिच्यापर्यंत पोहोचवणं हेही त्याच अचूकतेत येतं. ते काम नीट करा आणि त्याचे रास्त पैसे घ्या.